आईच्या वाटणीची टमाटी

लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, हे आईच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की लग्नानंतर मला मूल होईपर्यंत तिनं माझ्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. मला भाऊ नाही. वडिलांच्या आजारपणात शेत विकलं, पुढं वडीलही गेले, आणि मी तिला शिरड शहापूरहून हिंगोलीला, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. आणून ठेवलं असंच म्हणते, कारण ती राहायला आलीच नव्हती.

अर्धी भाकरी खायची आणि उठायची. चोळी अंगावर लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पोटात अन्न जाऊ द्या. मी तापट बाई. मी काय परकी आहे का, म्हणून तिच्यावर खेकसायचे. ती ऐकून घ्यायची आणि ताट सरकवायची.

शेवटी मला सुचलं की हिला हिचंच काहीतरी खायला पिकवू द्यावं. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तारेच्या तीन टोपल्या आणल्या, आत काथ्या अंथरला आणि छताच्या कड्यांना तिच्या छातीइतक्या उंचीवर टांगल्या. एकीत टमाटी, एकीत मिरची, एकीत मेथी.

"वावर असं टांगत असत्यात व्हय?" ती म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी गावाकडून काळ्या मातीचं पोतं मागवून घेतलं. "माती माही. पाणी तेवढं तुहं," असा हिशेब तिनं लावला.

मेथी निघाली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं कच्च्या मेथीत कांदा, तिखट, तेल कालवून घोळाणा केला आणि अख्खी भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग तिचा सगळा जीव टमाट्यात अडकला. रोप पानांनी नुसतं माजलं होतं, फुलाचा पत्ता नाही. टमाटी लागली की चटणी करून रोज दोन्ही वेळा पोटभर जेवेन, असं ती म्हणाली होती. मी त्या रोपाकडं डोळे लावून बसले होते.

एप्रिलात मला चार दिवस नांदेडला जावं लागलं. पीक पानावर गेलं की पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग ते फुलावर येतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिनं तिन्ही टोपल्यांचं पाणी तोडलं. माझ्या नवऱ्यालाही हात लावू दिला नाही. वावरात खाली ओल असते. इथं चहूबाजूंनी गरम वारा.

मी आले तेव्हा ती पेल्यानं पाणी ओतत उभी होती. माती भेगाळली होती, पाणी सरळ खाली गळत होतं. पानं हात लावताच चुरली. मी प्रवासानं वैतागलेली, तोंडातून गेलंच, "टोपलीला कुणी ताण देतं का गं आई? एवढंही कळू नये?"

तिनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "चाळीस वर्सं देल्ला. कधी चुकले न्हाई."

त्या संध्याकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. मला वेडीला आनंद झाला. अजून वाढू का, विचारलं.

"वाढ. आता तुहंच खायाचं हाय," ती म्हणाली.

तेव्हापासून ती नीट जेवते. अंगावर मांस आलंय. गॅलरीत फिरकत नाही. मी नवी रोपं आणते म्हटलं तर मान हलवते, हो की नाही ते कळत नाही. मी वाढेन तेवढं खाते, वाढायचं थांबले की हात धुते. जेवण कसं झालंय विचारलं तर चांगलं झालंय म्हणते. परवा वांग्याच्या भाजीत मीठ घालायचंच मी विसरले होते, ते माझा पहिला घास तोंडात गेल्यावर कळलं. माझ्या आधी जेवायला बसलेल्या आईनं ताटातली सगळी भाजी संपवली होती.