त्राटिकेला अर्धं तिकीट

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी सहाच्या गाडीत बसले, तेव्हा माझ्याजवळ भाचीसाठी केलेल्या चटणीचा डबा होता आणि डोक्यात एक रिकामा खिळा होता. आमच्या बाहेरच्या खोलीत एक भिंत आहे. गेल्या तीस वर्षांत जिथे जिथे गेले, तिथली एकेक वस्तू त्या भिंतीवर टांगलेली आहे. शाळेतून निवृत्त झाले त्या आठवड्यात मी तिथे एक नवा खिळा ठोकला आणि ठरवलं, की आता पहिला प्रवास करायचा तो या खिळ्यासाठी. नाशिकला शलाका, म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, नवीन घरात राहायला गेली होती. ती बरेच दिवस बोलावतच होती. होळी होऊन गेली होती, उन्हं तापायला लागली होती, पण गाडीची खिडकी बंदच होत नाही म्हटल्यावर वारा भरपूर मिळाला.

नाशिकात शिरताना संध्याकाळ झाली होती. रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. शलाकाचं घर गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मिसळ खायला नेलं. काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत भाजलेला पापड, वर दही. मी कोल्हापूरची असल्यामुळे पहिला घास नाक मुरडूनच घेतला. दुसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा शलाका नुसती हसली. हे वाचणाऱ्या कोल्हापूरकरांनी मला माफ करावं.

मिसळीनंतर तिने मला 'शेड'मध्ये सोडलं आणि ती ऑफिसला गेली. गंगापूर रोडच्या एका आडरस्त्यावर पूर्वी द्राक्षं भरण्याची पत्र्याची शेड होती. आता ती अकरा कारागिरांनी मिळून चालवायला घेतली आहे. जुन्या नाशकातले तांबट, येवल्याचे विणकर, सटाण्याकडच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका, पेठ-सुरगाण्याकडचे बांबूवाले आणि मुखवटेवाले, असे सगळे एका छपराखाली. आत गारवा होता आणि तांब्याला चिंच लावून घासल्यावर येतो तो आंबट वास होता.

गल्ल्यामागे दामोदरकाका बसले होते. सत्तरीचे, पांढरा सदरा, हाताची बोटं ठोकाठोकीने चपटी झालेली. त्यांच्या घरी चार पिढ्या तांब्याची भांडी घडवतात. मी त्यांच्या घंगाळाकडे वळले तर त्यांनी मला अडवलं.

"ते आज नाही दाखवता येणार, ताई. ते माझं आहे."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. शेडमध्ये बसायची पाळी ठरलेली असते आणि ज्याची पाळी त्याने त्या दिवशी स्वतःचा माल विकायचा नाही. घ्यायचंच असेल तर गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी यावं.

"आपल्या मालाचं कौतुक कोणीही करतो हो," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या मालाचं करायचं तर तो नीट बघावा लागतो. हा नियम केल्यापासून आमच्यातली भांडणं निम्मी झाली."

आणि काका खरंच दुसऱ्यांच्या मालावर जीव लावून बोलत होते. गोधडीचा टाका दाखवायला त्यांनी चष्मा बदलला. पैठणीतला मोर कसा विणतात ते सांगताना हातवारे केले. मी मान डोलावत होते, पण माझी नजर मागच्या भिंतीवर खिळली होती. तिथे मुखवटे होते आणि त्यांच्यात, थोडी बाजूला, त्राटिका होती.

आता सांगूनच टाकते. बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला आणि बत्तीस वर्षं मुलं मला पाठीमागे त्राटिका म्हणत. पोरांना वाटायचं मला माहीत नाही. मला सगळं माहीत होतं, आणि निरोप समारंभात "प्रेमळ बाई" म्हणून माझं भाषणातून कौतुक झालं तेव्हासुद्धा शेवटच्या बाकावरून तो शब्द ऐकू आला होता. वाईट वाटलं होतं. पण भिंतीवरची ही बाई बघितली आणि मी थांबलेच. वटारलेले डोळे, बाहेर लोंबणारी लाल जीभ, सुळे, आणि तरीही चेहरा असा की हिच्या वर्गात कोणी गडबड करणार नाही.

"काशिनाथचं काम आहे," काका म्हणाले. "पेठच्या पुढे एका पाड्यावर राहतो. कागद, कापड आणि चिंचोक्याची खळ. थरावर थर. त्यांच्याकडे बोहाडा असतो, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव."

मुखवट्याला किमतीची चिठ्ठी नव्हती. काकांनी काशिनाथला फोन लावला, पाड्यावर रेंज नव्हती. शेवटी शेजारच्या मुखवट्याची किंमत धरायचं ठरलं. मी तो हातात घेतला आणि उलटा केला. आतल्या बाजूला जुनं कापड होतं, काळवंडलेलं, आणि त्याला माणसाच्या घामाचा वास होता. वर एक लाल दोरा गाठ मारून बांधलेला. मला लगेच कळलं की हा नवा नाही, वापरलेला आहे. काकांना ते कळलं नसावं, त्यांचा हात तांब्यातला. आणि मी काय केलं? गप्प बसले. खरोखर सोंगात नाचलेली जुनी, दुर्मिळ वस्तू साध्या नव्याच्या भावात मिळतेय म्हणून मनात उकळ्या फुटत होत्या. मुखवटा कागदात गुंडाळताना दोरा अडकत होता, तर तोही मीच सोडला आणि पर्समध्ये टाकला. वर अभिप्रायाच्या वहीत पानभर स्तुती लिहिली, आधीच्या अभिप्रायातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली माझा फोन नंबर घातला.

तिसऱ्या दिवशी शलाकाने रजा काढली आणि आम्ही चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो. हायवेच्या दोन्ही अंगांना कांद्याच्या चाळी, ट्रॅक्टरांची रांग. दर्शन झालं, पायरीवर टेकले, आणि फोन वाजला.

"ताई, दामोदर बोलतोय. माझ्या हातून फार मोठी चूक झाली."

काशिनाथ सकाळी शेडमध्ये आला होता. तो मुखवटा विकायचा नव्हताच. तो त्यांच्या पाड्यावरचा मानाचा, दरवर्षी नाचणारा. रंग उडाला म्हणून काशिनाथने तो शेडमध्ये आणून रंगवला आणि वाळायला भिंतीवर टांगला. चिंचोक्याच्या खळीला उंदीर लागतात, म्हणून मुखवटा कधी खाली ठेवत नाहीत. नाचलेल्या मुखवट्याला लाल दोरा असतो, तो बघून कोणीही ओळखेल असं त्याला वाटलं. त्यांच्यात शेंबड्या पोरालाही ते कळतं. सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"उद्या रात्री बोहाडा आहे," काका म्हणाले. "हा मुखवटा नाचवायचा ज्याचा मान होता तो म्हातारा पावसाळ्यात गेला. यंदा मुलगा पहिल्यांदा उभा राहणार. नवा करायचा तर वाळायलाच आठ दिवस. पण ताई, विकलेलं परत मागायचं नाही हाही आमचा नियमच आहे. वस्तू तुमची आहे. मी फक्त कानावर घातलं."

मी फोन ठेवला. शलाका म्हणाली, "मावशी, तू रीतसर घेतलायस. तुझी काय चूक?"

मी म्हटलं, "हो ना." आणि देवीच्या पायरीवर पाच मिनिटं तोंड पाडून बसले. मला तो मुखवटा हवा होता, अगदी लहान मुलाला हवा असतो तसा. पर्स उघडली तर रुमालाबरोबर लाल दोरा बाहेर आला. चूक काकांची होती आणि काशिनाथचीही होती. पण मुखवट्याला वास येतो हे माहीत असलेली त्या शेडमध्ये मी एकटीच होते. मी काकांना फोन लावला आणि सांगितलं, की मीच घेऊन येते, उद्या सकाळी निघू.

पेठच्या एसटीत आम्ही तिघं बसलो. खिडकीशी मी, शेजारी काका, पुढच्या बाकावर काशिनाथ. पन्नाशीचा, बारीक, बोलायला लाजणारा. मुखवटा खाली ठेवायचा नाही म्हणून माझ्या मांडीवर, तोही उघडा, कारण शेडमधला कागद आधीच रंगाला थोडा चिकटला होता. कंडक्टर आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ह्यांचं तिकीट?"

"लागतं का?" काकांनी विचारलं.

"बाईमाणूस आहेत. अर्धंच लागेल."

सगळी गाडी हसली. काशिनाथही हसला, त्या दिवसात पहिल्यांदा. घाटात मला गाडी लागली आणि माझी पंचाईत झाली, तेव्हा त्याने खिशातून आवळ्याची फोड काढून दिली आणि मुखवटा स्वतःकडे घेतला.

पेठपासून पुढे जीप. पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. मोहाशेजारी उन्हात बायका मोहफुलं वाळत घालत होत्या. काशिनाथच्या बायकोने नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा वाढला. जेवताना काकांनी मला पैसे परत देऊ केले, ते मी घेतले. काशिनाथ म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी अशीच दुसरी करतो. दिवाळीपर्यंत देतो."

"नको रे बाबा," मी म्हटलं. "माझ्या घरात एक त्राटिका पुरे."

तेवढ्यात रामदास आला. म्हाताऱ्याचा मुलगा तो हाच. पस्तिशीचा, दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला असतो, बोहाड्यासाठी रजा घेऊन आलेला. त्याने मुखवटा दोन्ही हातांनी घेतला, उलटा केला आणि आतल्या कापडाला नाक लावलं. 

"हाय," तो म्हणाला. "बा हाय आतमंदी."

 ज्या वासावर मी खूश झाले होते तो याच्या वडिलांचा होता. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, की मला वास आला होता, वापरलेला आहे हे कळलं होतं, तरी मी बोलले नाही.  रामदास म्हणाला, "आणला ना, बाई. लय झालं."

मग त्याने मुखवटा घालून पाहिला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बायका ओट्यावर बसून बघत होत्या. पाय बरोबर पडत होते, पण मान खाली होती आणि खांदे आखडलेले. ही त्राटिका कोणाला तरी घाबरत होती.

रामदासने मुखवटा वर केला. "जमत नाय. बा नुसता उभा राह्यला तरी पोरं पळायची. त्यानं मला कधी दाखवलंच नाय."

मी उठले. का उठले ते आजही सांगता येणार नाही. म्हटलं, "मुखवट्याचे डोळे आधीच वटारलेले आहेत, तुम्ही आतून वटारू नका. मान हळू फिरवा. आधी कुठेच बघू नका. मग एकालाच धरा, एकाकडेच बघा, आणि पाऊल उचलायची घाई करू नका." आणि कमरेवर हात ठेवून मी ओट्यावरच्या बायकांकडे तशी मान फिरवली, आठवीच्या 'ब'मध्ये फिरवायचे तशी.

 दामोदरकाकांनी हातातला पानाचा डबा खाली ठेवला. मग एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं माय, ही तर खरीच हाय!" आणि सगळा पाडा हसला. मीही हसले. बत्तीस वर्षांत त्या नावावर मी पहिल्यांदाच हसत होते.

रामदासने परत मुखवटा घातला. या वेळी मान हळू फिरली आणि काशिनाथच्या बायकोवर येऊन थांबली. ती भाकरीचं ताट हातात धरून दोन पावलं मागे सरकली.

बोहाडा बघायला मी थांबले नाही. कोल्हापूरची गाडी सकाळची होती आणि पाड्यावरून शेवटची जीप साडेचारला. निघताना मी पर्समधला लाल दोरा काशिनाथपुढे धरला. तो म्हणाला, "तो राहू द्या तुमच्याकडं. दोरा दरसाली नवा बांधत्यात. यंदाचा रात्री बांधू."

परतीच्या प्रवासात मी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने बसले होते, आणि माझ्याजवळ देण्यासारखं काही आहे हेही पहिल्यांदाच कळलं होतं. दामोदरकाकांचे, काशिनाथचे, रामदासचे आणि त्या ओट्यावरच्या बायकांचे माझ्यावर उपकार आहेत. चोरटेपणाने घेतलेली वस्तू परत करायला गेले, तर त्यांनी मला जेवायला वाढलं.

आठ दिवसांनी काशिनाथचा फोन आला. रेंजसाठी टेकडीवर चढला होता, धाप लागत होती. सोंग झकास झालं म्हणाला. पोरं रडली. दोन मोठी माणसंसुद्धा मागं सरली.

"लोकं विचारत व्हती, रामदासला शिकवलं कोणी."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, त्राटिकेच्या बाई आल्या व्हत्या."

खिळ्यावर आता तो दोरा आहे. पाहुणे विचारतात, एवढ्या भिंतीवर हा नुसता दोरा कशाला? परवा एक जुना विद्यार्थी आला होता, आता स्वतः मुलांचा बाप. त्यानेही विचारलं. मी म्हटलं, "बस. त्राटिकेची गोष्ट आहे." तो कानापर्यंत लाल झाला, आणि मी त्याला चहा ठेवायला उठले.