ताणावरची बाग

मे महिन्यात आमच्या सौंसरकडची संत्र्याची बाग कोणी चित्रात काढत नाही. काढण्यासारखं असतं काय तिथं? मृगाचा बहार यावा म्हणून झाडांचं पाणी तोडतात. पानं सुकतात, पिवळी पडतात, गळतात. याला ताण देणं म्हणतात. झाड जितकं मरायला टेकलेलं दिसेल, तितका बागवाला खूश. मग मृगाचं पाणी पडलं की सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते, आणि वास असा की जाणारा माणूस रस्त्यावरच थांबतो.

माझ्या बायकोला तो वास आणखी एकदा घ्यायचा होता. नागपूरच्या डॉक्टरांनी "घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या" म्हणून हात वर केले होते. मोहगाव रस्त्याची ती बाग तिनं स्वतः कलमं लावून उभी केलेली. "बहार आला का माही बाज बागेत टाका," ती म्हणाली. "मंग काय व्हायचं ते होवो." बाग राखणाऱ्या दादानं जुनी बाज नव्या दोरीनं विणून झोपडीत ठेवलीसुद्धा.

तोवर तिला ताण कसा बसतोय ते पाहायचं होतं. मोबाईलकडे पाहिलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "जल्मभर पोरायले ड्रॉइंग शिकवलं ना? मंग काढून आणा. आन् जसं हाय तसं काढा, तुमच्या मनचं नको."

उन्हाळ्यात बाहेर बसून रंगवणं म्हणजे नुसता डोक्याला ताप. ब्रश टेकवला की रंग वाळतो. आभाळ निळं लावावं तर वर ढग जमतात. ते ढग रंगवावेत तर पुन्हा रखरखीत ऊन. मी आभाळाला शिव्या घालायचो आणि दादा हसायचा. "सर, वर भरून राहिलं जी. उचला तुमचं दुकान."

संध्याकाळी अर्धंमुर्धं चित्र तिच्यापुढे धरायचो. "या वळीतल्या झाडायची पानं अजून उतरली नाई," ती म्हणायची. पानं गळालेली दिसली की तिला समाधान. त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

एका दुपारी वावटळ आली, माझी छत्री बांधापलीकडे गेली आणि पाठोपाठ धो धो पाणी. कागदावरची बाग माझ्या पायांवरून वाहून गेली. चित्राचं मरो, दादा झोपडीच्या दारात डोक्याला हात लावून बसला होता.

"मोडला ताण, सर. आता नुसता पाला येईन. फूल नाई."

"अरे, एका पाण्यानं?"

"कितीक आलं पाह्यलं ना? बुडापर्यंत भिजलं." मग म्हणाला, "ताईले सांगू नका जी."

घरी आलो तर सौंसरात एक थेंब नाही. वळवाचं असंच असतं, बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं. गाडीवर येता येता कपडे वाळले होते. "आज वारा फार होता, कागद फाटला," मी सांगितलं. तिला ते पटलं.

चार-आठ दिवसांनी नवा कागद घेऊन गेलो. पहिल्यासारखंच चित्र करायचं ठरवलं होतं, पिवळं, सुकलेलं. पण हाताची खोड वाईट. समोर दिसतं ते काढा, डोक्यातलं नको, असं जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो. डोळा पाहत गेला, हात लावत गेला. चित्र झालं तेव्हा मी मूर्ख चक्क आनंदात होतो. कित्येक वर्षांत असं जमलं नव्हतं.

तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग एका फांदीच्या शेंड्यावर बोट ठेवलं. तिथं पोपटी रंग होता. पुढच्या फांदीवरही होता.

"पानी कवा आलं?"

"कुठं आलं? काहीतरीच."

"अहो, नवती फुटून राहिली ना इथं. हे काय, कोवळी पानं."

रंग सांडला असेल, असं काहीतरी पुटपुटलो. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं. "पुढच्या वर्षी..." एवढं तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. मग मला रडूच आलं, लहान पोरासारखं, मोठ्यानं. रडायचं तिनं, तर रडत मी होतो.

"चित्र बेस झालं," ती म्हणाली. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर बागेचं तिनं कधी विचारलं नाही. फक्त तेव्हा, तशीच पाठमोरी, एवढं बोलली:

"ते बाज घरी आणून घ्या. झोपडी गयते, पानी आत येते. दोरी नवी हाय, उगीच भिजन."

दुसऱ्या दिवशी मी बाज घरी आणली.