सिगरेटच्या डब्यातली आजी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी, पुराव्याशिवाय बोलत नाही. म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

आम्ही शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचे. बाबा तान्हे असताना त्यांची आई गेली. तिचा एकच फोटो घरात... बोटाएवढा, रंगीत, डोक्यावर पदर. बाबा दर पौर्णिमेला त्यापुढे मेणबत्ती लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात फ्रेमची काच तडकली. फोटो काढला तर मागे इंग्रजी छापलेलं — सिगरेटची जाहिरात, एका नटीचं नाव, नंबर सतरा. पूर्वी सिगरेटच्या डब्यांत अशी नट्यांची कार्डं यायची, लोक जमवायचे. आजोबा तानसाला साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते, तिथून आणलं असणार. घरात इंग्रजी वाचणारी मीच पहिली ना... लगेच मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले, बाबांना वाचून दाखवलं.

"ही आजी नाय बाबा. नटी हाय."

बाबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मंग माझी आई कशी दिसायची गो?"

त्या पौर्णिमेला मेणबत्ती लागली नाही.

कार्ड मी माझ्या कपाटात ठेवलं होतं, किल्ली माझ्याकडे. आठवड्याने नवी काच आणली, कार्ड काढलं — नटीच्या हनवटीवर तीन हिरवे ठिपके. ओलं बोट घासलं, निघाले नाहीत. मोबाईलमधल्या फोटोत हनवटी कोरी.

बाबांची मावशी वैशाखऱ्याला असते, नव्वदीची. बाबांना घेऊन गेले. कार्ड न दाखवता विचारलं, "आजीला गोंदण होतं का?"

"होतं ना! हनवटीवर, तीन ठिपके. माझा नंबर आला तशी मी पळाले थेट खाचरात. गोंदणारीण सुई घेऊन मागं!" म्हातारी खळखळून हसली. "तुला कोनी सांगितलं गो?"

कोणीच नाही. फोटो होता म्हणून बाबांनी सत्तर वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हनवटीवर अंगठा ठेवला. "आये," म्हणाले. बस.

मला भीती वाटली नाही, रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही, अजून वाटत नाही. एसटीत बाबा खिडकीशी बसले, मी तिकिटं काढली.

कोणाला काही स्पष्टीकरण सुचलं तर मला जरूर सांगा... बाबांना सांगू नका.