रेहानाची दोन मिनिटं

२०२३ साल. माझं वय शहात्तर. कोल्हापुरातल्या माझ्या घराच्या माडीवरची खोली मी रेहानाला भाड्यानं दिली होती. मूळची गडहिंग्लजची, इथल्या एका दवाखान्यात नर्स. तिची एक खोड होती. ऐकणाऱ्यानं "हं" म्हटलं नाही, तर ती बोलायचीच थांबायची. नळाला पाणी आलंय एवढं सांगायचं असलं तरी मध्येच विचारायची, "आबा, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय की! बहिरा झालोय व्हय मी?"

मग म्हणायची, "पेशंट वरडला तर बरं वाटतंय, आबा. गप्प पडला की मी आधी नाडी बघते."

एका सकाळी वरून पुरुषाचा आवाज आला. मी चौथी शिकलेला, पण आवाज बाप्याचा आहे एवढं कळायला शाळा लागत नाही. काठी घेऊन वर गेलो.

"कोण हाय आत?"

"पार्टनर हाय, आबा."

"माझ्या घरात पार्टनर-बिर्टनर चालायचं न्हाय!"

तिनं हसत मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात फिलिपाइन्सचा एक गडी, तोही नर्सच. माझी काठी बघून तो जो पडद्यावरून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

"घालवलासा की माझा पार्टनर! आठ दिस हुडकल्यावर गावला होता."

परदेशात नोकरी मिळायला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि त्यात समोर बसून बोलायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. मोबाइलवर एक ग्रुप होता. देशोदेशीचे परीक्षा देणारे त्यावर आपापली मोकळी वेळ लिहायचे. वेळ जुळली की पार्टनर होऊन एकमेकांना इंग्रजीत प्रश्न विचारायचे. तालमीत आम्ही सरावाला जोड शोधायचो, तसंच. कुणी परीक्षा झाली की गायब, कुणी पहिल्याच दिवशी लग्नाचं विचारायचा. त्याला ती गडहिंग्लजच्या मराठीत अशी झाडायची, की मी खाली बसून खूश.

तरी ती नापास झाली. बाकी सगळ्यात पास, बोलण्यात अर्धा गुण कमी. थोरल्या भावानं सांगून टाकलं, "परीक्षेला आणखी एकदा बस. न्हाय जमलं तर गप घरी ये, लग्न करून टाकू."

मी विचारलं, "अडलं कुठं?"

"दोन मिनिटं एकटीनं बोलायचं असतंय, आबा. परीक्षा घेणाऱ्या मॅडम कागदाकडं बघत गप्प बसल्या. मला वाटलं, माझं कायतरी चुकलं. थांबलेच."

पार्टनर भली माणसं. ती बोलताना "ओके, ओके" करत राहायची. गप्प बसा म्हणून सांगितलं तरी विसरायची.

"मी बसतो समोर," मी म्हटलं.

"तुम्हाला इंग्रजी कुठं येतंय?"

"गप्प बसायला इंग्रजी कशाला लागतंय?"

पहिल्याच दिवशी दहा मोजायच्या आत माझ्या तोंडातून "हं, मग?" निघून गेलं. आमच्याकडं समोरचा बोलत असताना दगडासारखं बसणं म्हणजे त्याचा अपमान. मी तर भांडतानाही हुंकार देत आलोय.

"आबा, मॅडम हं म्हणत न्हाईत!"

दुसऱ्या दिवसापासून गालात सुपारी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. रोज सकाळी, तिच्या ड्युटीच्या आधी. ती निम्म्यात अडायची, माझ्या तोंडाकडं बघायची, डोळ्यांत पाणी यायचं. मी हललो नाही. गोठ्यातल्या जनावराशीसुद्धा मी कधी असा वागलो नव्हतो. दीड महिन्यानं एका सकाळी दोन मिनिटं उलटून गेली तरी ती बोलतच होती. मीच हात वर करून थांबवली. काय बोलली ते आजही मला ठाऊक नाही. विचारलं नाही. कमीपणा कशाला घ्या?

ती पास झाली. कागदपत्रं होईपर्यंत पावसाळा संपला. निघायच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन दारात उभा. ती म्हणाली, "आबा, आता तरी बोला की कायतरी." मी नुसती तिची पिशवी उचलून गाडीत ठेवली. तोंडात सुपारी नव्हती, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला. विमान बदलायला ती कुठल्याशा विमानतळावर थांबली होती. भडाभडा सांगत सुटली. विमानातलं जेवण कसं अळणी होतं, शेजारची म्हातारी कशी घोरली, पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं काय काय विचारलं. मी सवयीनं घड्याळाकडं बघत गप्प.

ती थांबली.

"आबा? ऐकताय न्हवं?"

"हं," मी म्हटलं. मग ती जे जे बोलली, त्या प्रत्येक गोष्टीला हं म्हटलं.