थंड खोलीचे मानकरी

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापेक्षा त्याच्या खोलीचाच गवगवा जास्त झाला. मे महिन्यात अख्खं नागपूर ओलं फडकं डोक्यावर घेऊन जगत असताना त्या एका खोलीत माणसं स्वेटर घालून बसत. मशीनला गार हवा लागते म्हणून भिंतीत एसी. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. आम्ही पंचिंगच्या सहाजणी मात्र शेजारच्या खोलीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. पगाराचे आकडे कागदावरून वाचायचे आणि जाड कार्डांवर यंत्राने भोकं पाडायची, हे आमचं काम. ती कार्डं आत जायची आणि तिकडून पगारपत्रकं छापून यायची.

आत चार प्रोग्रामर आणि त्यांचे साहेब. मुंबईला जाऊन थोडंफार शिकून आले आणि आल्या दिवसापासून त्यांचं चालणंच बदललं. बोलायचे ते इंग्रजीत आणि अर्धवट, म्हणजे समोरच्याला वाटावं की उरलेलं आपल्याला झेपणार नाही. मशीन बंद पडलं की चौघंही कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभे राहत आणि मग मुंबईला ट्रंक कॉल लावत. एरवी ती खोली त्यांनी चांगली वापरली. एसीच्या झोताखाली टरबुजं ठेवली जायची. साहेबांच्या पुतणीच्या लग्नातलं श्रीखंड तिथेच मुक्कामाला होतं. जेवणानंतर खाली सतरंजी पडायची आणि बाहेर पाटी लागायची की आत काम चालू आहे, प्रवेश नाही.

सत्तरचं दशक सरेपर्यंत कार्डं गेली. त्याजागी ताटलीएवढ्या फ्लॉप्या आल्या आणि आमच्यासमोर नवे कीबोर्ड. काहीही नवीन आलं की थंड खोलीत आधी कुजबुज व्हायची की हे टिकणार नाही. मग कोणीतरी ट्रेनिंगला जायचं, येताना बायकोला साडी आणायचं, आणि पुढच्या महिन्यापासून हे मशीन आपणच मागवलं असं सांगत फिरायचं. आम्हाला कसलं ट्रेनिंग? सकाळी जुनं यंत्र उचललेलं असायचं, नवं ठेवलेलं असायचं, आणि साहेब म्हणायचे, "बाई, आजपासून याच्यावर." पगाराची तारीख थांबत नाही, म्हणून आम्ही शिकायचो. एकमेकींच्या चुका बघून शिकायचो. यात कौतुक कसलं? पण त्या लोकांना एवढंही जमत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला ती नोकरी हवी होती आणि ती नागपुरातच हवी होती. बाबांना लकव्याचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. आई नव्हती, मी लग्न केलं नव्हतं. महाल भागात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. दुपारच्या सुट्टीत मी लुनावर घरी जायची, बाबांना भरवायची आणि परत यायची. ते दुसऱ्या कोणाच्या हातून खात नसत. जन्मभर गिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस, त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळायचं, आणि ते माझ्याशिवाय कोणी बघितलेलं त्यांना सहन व्हायचं नाही.

मग टेबलावर मावणारं छोटं मशीन आलं. त्यासोबत मुंबईच्या हेड ऑफिसातून फर्मान आलं की पंचिंगचा विभाग मोडायचा. जे नवं मशीन चालवतील ते नागपुरात राहतील, बाकीचे तालुक्याच्या गावच्या कार्यालयांत जातील, कोणी उमरेडला तर कोणी नरखेडला. आमच्यातल्या दोघी तिथल्या तिथे रडायला लागल्या. मी साहेबांकडे जाऊन म्हटलं, मला हे शिकायचं आहे. ते म्हणाले, "शिकाल ना, घाई काहून करून राहिल्या?" आणि मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घालून ते कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यांची अडचण वेगळीच होती. हे मशीन पंख्यावर चालतं असं विकणारा इंजिनिअर सांगून गेला होता. मोठ्याच्या जागी पंख्यावर चालणारं मशीन म्हणजे एसी बंद, सतरंजी बंद, टरबूज गरम. इतक्या वर्षांत मी त्या पाचजणांना असं एकजुटीने काम करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मुंबईला कळवलं की विदर्भाच्या उन्हाळ्यात हे मशीन टिकणं अशक्य आहे, हवं तर येऊन बघा. मुंबईचे साहेब खरोखरच आले, तेही ऐन मे महिन्यात.

चाचणीसाठी गच्चीलगतची खोली निवडली. पश्चिमेची भिंत, वर तापलेला स्लॅब. खिडक्या लावून घेतल्या. पंखाही बंद. का, तर पंख्याची हवा लागली तर चाचणी खरी होणार नाही! एका विभागाचा पूर्ण पगार संध्याकाळपर्यंत त्या मशीनवर निघायला हवा होता. आता तिथे बसणार कोण? एका प्रोग्रामरला ब्लडप्रेशर निघालं, एकाच्या घरी पाहुणे, उरलेले दोघं मोठ्या मशीनवरचं अतिमहत्त्वाचं काम सोडू शकत नव्हते. साहेब स्वतः ऊन लागू नये म्हणून पँटच्या खिशात कांदा ठेवून जिना चढले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीच बसा. आमचे पोरं नाजूक हायेत."

मी आनंदाने बसले. जे मशीन मला हात लावायला मिळत नव्हतं, ते साहेबांनी आपल्या हाताने माझ्यापुढे ठेवलं होतं.

इंजिनिअरने सकाळी सुरुवात करून दिली, काय दाबलं की काय होतं ते सांगितलं आणि तो सावलीत पळाला. मी बसले. घाम हाताच्या कोपरापासून गळत होता, तो कीबोर्डवर पडू नये म्हणून पदर कमरेला खोचून, मांडीवर टॉवेल ठेवून टाइप करत होते. अडलं की पुस्तकात बघायची, चुकलं की परत करायची. दुपारपर्यंत मला ते मशीन कळायला लागलं होतं. मला ते आवडलंही, हे सांगायला हवं. मधूनमधून एकेकजण दाराची फट करून बघून जाई. मशीन बंद पडलं का, हे बघायला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला त्या सगळ्यांची किळस आली.

प्रिंटर कागद ओकत होता तेवढ्यात मी घरी जाऊन बाबांना भरवून आले. ते म्हणाले, "इतकी काहून घामाळली वं?" मी म्हटलं, आजचा दिवस जाऊ द्या बाबा, मग मला इथून कोणी हलवत नाही.

संध्याकाळी पूर्ण पगारपत्रक छापून झालं. मुंबईच्या साहेबांनी ते तपासलं, मशीनच्या पाठीवर हात ठेवला, चटका बसून काढून घेतला आणि हसले. म्हणाले, उत्तम. आमच्या साहेबांचा चेहरा मात्र उतरला. पण असली माणसं पडली तरी गादीवरच पडतात. मुंबईची गाडी सुटण्याआधी त्यांनी मुंबईच्या साहेबांना स्टेशनवर काय समजावलं कोण जाणे, महिना संपायच्या आत ऑर्डर आली. छोटं मशीन उमरेडच्या कार्यालयात जाणार. नागपूरचं मोठं मशीन, त्याची खोली आणि त्या खोलीतली माणसं आहेत तिथेच राहणार. आणि छोट्या मशीनबरोबर मी.

मी थंड खोलीत गेले, चपला न काढता. म्हटलं, "साहेब, मशीन शिकणारे नागपुरात राहतील असं ठरलं होतं."

"पण मशीनच नागपुरात राहून नाही राहिलं ना, बाई," ते म्हणाले. "त्याले एसी लागत नाही, तुम्हाले लागत नाही. हे तर तुमच्याचमुळं समजलं."

मी बाबांचं सांगितलं. भरवण्याचंही सांगितलं, जे मी ऑफिसात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. चौघंही कान देऊन ऐकत होते. साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "शेजारीपाजारी कोणी असंनच ना," ते म्हणाले. त्या क्षणी मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण घर माझ्या पगारावर चालत होतं, म्हणून मी बाहेर आले.

मशीन ऑफिसच्या जीपने गेलं. ऊन लागू नये म्हणून साहेबांनी ते ड्रायव्हरशेजारी ठेवायला लावलं, वर ओली चादर टाकायला लावली. मी मागे, फाटक्या ताडपत्रीखाली बसले. उमरेडच्या कार्यालयात आम्हाला दोघांना पत्र्याची एक खोली दिली. तिथल्या हेडक्लार्कनेही मशीनकडे लांबूनच बघून हे काही टिकणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा मला हसूही आलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

एसटीने परत येईपर्यंत अंधार पडला. शेजारच्या काकू दारातच भेटल्या. म्हणाल्या, "लय विनवण्या केल्या वं, पण तोंडच उघडलं नाही त्यायनं." ताट झाकलेलं होतं, वरणावर साय धरली होती. मी दिवा लावला, वरण गरम केलं आणि बाबांना भरवायला बसले. पहिले चार घास ते न चावताच गिळत होते, इतकी भूक लागली होती. त्यांच्या ओठांचा कोपरा मी पदराने पुसला.

"मशीन चाललं?" त्यांनी विचारलं.

"चाललं."

त्यांनी माझ्या घामेजल्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "तिथं पंखा हाये ना वं तुले?"

"हाये," मी म्हटलं, आणि पुढचा घास कालवायला घेतला. पंखा नव्हता.