काकांच्या बागेतलं तापमान

काका गेल्यावर दोन दिवस मी त्यांच्या बागेतलं तापमान बघत होते.

गुरुवारी सकाळी ०.३. दुपारी ८.
शुक्रवारी १०.
शनिवारी सकाळी १२.१.

दर पाच मिनिटांनी नवा आकडा येत होता, आणि मी इथे इंग्लंडमध्ये, रीडिंग गावी, ऑफिसात बसून तो वाचत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जोगळेकर काका म्हणजे लेस्टरचे रिटायर्ड अॅनस्थेटिस्ट, भूल देणारे डॉक्टर. आणि आमच्या हवामानवेड्या ग्रुपचे बाप.

आम्ही आठ जण. सगळे मराठी, सगळे इंग्लंडमध्ये, सगळ्यांच्या घरचे आम्हाला कंटाळलेले. ऑक्टोबर संपला की रोज हवामान अंदाजाची मॉडेलं उघडून बर्फ शोधायचा, हाच आमचा उद्योग. बर्फ कायम दहा दिवसांवर असतो. जवळ आला की त्याचा पाऊस होतो.

काकू गेल्या तेव्हा कॅनडातल्या मुलीने, मुग्धाने, काकांना आकडे आपोआप वेबसाइटवर टाकणारं ऑटोमॅटिक वेदर स्टेशन बसवून दिलं. बाबांना थंडीत बाहेर जायला नको म्हणून.

काका तरी जायचेच. "अगं, मशीनला बर्फ मोजता येत नाही."

सकाळी नऊला, लाकडी पट्टी घेऊन. अर्ध्याहून जास्त लॉन पांढरं असेल तरच बर्फ धरायचा. नुसता फोटो चालायचा नाही. उन्हाळ्यात बाकीचे आकडे ते दहा वाजता घ्यायचे, कारण इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकार करतं, सूर्य नाही.

मी नागपूरची. शेहेचाळीस डिग्री खाऊन मोठी झालेली. मला बर्फाचं भयंकर वेड, आणि काकांशी वाद घालण्याचं त्याहून जास्त.

त्या मंगळवारी काकांनी लिहिलं, "गुरुवारी पहाटे लेस्टरला बर्फ."

मी लिहिलं, "काका, मॉडेल बघा. गुरुवारी दुपारपर्यंत सगळं माइल्ड. पट्टी कपाटात ठेवा आणि झोपा."

सगळे हसले. काकांचं उत्तर एकच शब्द: "बघू."

गुरुवारी पहाटे रडारवर लेस्टरच्या डोक्यावर बर्फ होता. चांगला तासभर. इल्फर्डला ग्रुपमधल्या निलेशकडे नुसता बर्फाचा चिखल, माझ्याकडे तर रिमझिम पाऊस.

नऊ वाजले. सव्वानऊ. काकांचा मेसेज नाही.

मी लिहिलं, "जिंकलात. आकडा सांगा आता."

दुपारी निलेशने विचारलं, "फोन करू का काकांना?"

मी म्हटलं, "नको रे. स्टेशन लाइव्ह आहे. भाव खातायत."

हे मीच लिहिलंय. ग्रुपमध्ये अजून आहे. डिलीट केलेलं नाही.

काका रुसायचे, हे खरं. मार्चमध्ये अंदाज चुकला तेव्हा चार दिवस बोलले नव्हते. म्हणून मला वाटलं, रुसलेत.

पण तेव्हा ते हरले होते. या वेळी जिंकले होते. जिंकलेला माणूस कशाला रुसेल? काका तर पट्टीचा फोटो फ्रेम करून पाठवतील असे.

एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. स्टेशनच्या पानावर हिरवा ठिपका होता ना. लाइव्ह.

शेजारच्या जोनला हवामानातलं ओ की ठो कळत नाही. तिला इतकंच दिसलं की काकांचा कचऱ्याचा बिन गुरुवारपासून फुटपाथवरच आहे. शनिवारी सकाळी तिने बेल वाजवली आणि मग तिच्याकडची किल्ली लावली.

काका मागच्या दारापाशी होते. पायात वेलिंग्टन बूट, अंगात जाड कोट. बाहेर निघाले होते की मोजून आत आले होते, कुणालाच माहीत नाही.

हार्ट. गुरुवारीच सकाळी, म्हणाले. एका क्षणात. तुम्ही फोन केला असता तरी काही झालं नसतं, असं मला तीन डॉक्टरांनी सांगितलंय.

बरं.

पण ते दोन दिवस तिथे एकटे पडून होते. त्याचं काय, ते कुणी सांगत नाही.

आज लेस्टरला फ्युनरल झाला. डिसेंबर असून बाहेर तेरा डिग्री. कोट हातात घेऊन उभे होतो सगळे.

मला रडू आलं नाही. काहीच येत नाहीये.

नंतर काकांच्या किचनमध्ये मुग्धाने चहा केला. मी तिला सगळं सांगितलं. मेसेजही दाखवला. निदान तिने तरी मला शिव्या घालाव्यात असं वाटत होतं.

तिने वाचला. फोन परत दिला.

"मी पण तेच बघत होती," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "एव्हरी मॉर्निंग. बाबाचा स्टेशन चालू आहे, मग बाबा ठीक आहे. बघायची आणि कामावर जायची. शुक्रवारी पण बघितला."

तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही तो बंद कराल? मला नाही होणार."

मी बागेत गेले. खांबावरच्या डब्यातल्या बॅटऱ्या काढल्या. आत येऊन काकांच्या टेबलावरचा डिस्प्ले प्लगमधून काढला.

कप विसळत होते तेवढ्यात मुग्धाचा फोन वाजला. वेबसाइटची ईमेल. आपोआप येते ती. तुमच्या स्टेशनकडून दहा मिनिटं माहिती आलेली नाही, कृपया जाऊन तपासा.

मुग्धाने ती मोठ्याने वाचली. मग खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

काका, मी यायला हवं होतं. निदान फोन करायला हवा होता.

नाही केला. माफ करा.

नमस्कार, काका.