भार न उचलणारे खांब

अहिल्याताईला पांढऱ्या खांबांची किळस आहे. अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटात ते सोपं नाही, कारण इथे दर तिसऱ्या घरापुढे दोन मजली खांब उभे असतात आणि ताईचं कामच घरं तपासण्याचं. घर विकत घेण्याआधी लोक तिला बोलावतात. ती छतावर चढते, घराखालच्या पोकळीत सरपटत जाते आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवते. नागपुरात ती आर्किटेक्चर शिकली. लग्नानंतर इथे आल्यावर व्हिसामुळे आठ वर्षं काम करता आलं नाही. परवानगी मिळाली तेव्हा नकाशे काढायला तिला कुणी घेईना, म्हणून हे शिकली. तिची निम्म्याहून जास्त कामं केदारकडून यायची. केदार म्हणजे इथल्या बहुतेक मराठी कुटुंबांना घरं मिळवून देणारा एजंट.

मार्चमध्ये त्याने आम्हाला एक घर दाखवलं. खरं सांगायचं तर मी त्या घराच्या खांबांवर भाळले. कॉलेजात असताना फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून मी अभ्यास केला होता. तसलंच काहीतरी आपल्या दारात, म्हणून हुरळले. शिवाय ऑगस्टमध्ये आमच्या मुलाची, अनिशची शाळा सुरू होणार होती आणि इथली शाळा चांगली. घर हातचं गेलं तर काय, या काळजीने मला झोप लागत नव्हती.

तपासणीच्या दिवशी मी हे टाउन हॉलचं ताईला बोलून दाखवलं. खांबाच्या तळाशी उकिडवी बसूनच तिने मला सुनावलं. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या सरदारांच्या दिवाणखान्यांत भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं, हेच कळेनासं झालं होतं. शिंपले, वेली, गुबगुबीत बाळं, सगळं गिलाव्याचं आणि वर सोन्याचा मुलामा. त्याला रोकोको म्हणतात. बासुंदीच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटत असेल, म्हणाली. शेवटी तिथल्याच लोकांना शिसारी आली. त्याच सुमारास इटलीत राखेखाली गाडलेली रोमन शहरं खणून निघत होती. तरुण वास्तुकार मोजपट्ट्या घेऊन रोमला, अथेन्सला जाऊन पडकी देवळं मोजत होते. एका फ्रेंच पाद्र्याने तर लिहूनच टाकलं की खांबाने भार उचलावा, उगाच चिकटवलेलं काढून टाकावं. त्यातून सरळ रेषा आली, मोकळी भिंत आली, नवअभिजात शैली आली. माझा टाउन हॉल त्यातलाच.

पुढे या नव्या देशालाही रोमसारखं दिसायचं होतं, म्हणून कोर्टं आणि बँका तशा बांधल्या. मग इथल्या कापसाच्या मळेवाल्यांनी तेच खांब आपल्या घरांपुढे गुलामांकडून उभे करून घेतले.

"आणि आता ते ट्रकमधून येतात, आतून पोकळ," ताई म्हणाली. "पुन्हा शिंपलेच झाले ना गं हे."

त्या घराच्या चार खांबांपैकी तीन नुसते शोभेचे होते. कोपऱ्यातल्या चौथ्यावर मात्र पोर्चच्या छपराची तुळई टेकलेली होती. ताईने त्याच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आवाज न करता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो तपकिरी ओला लगदा आणि त्यात वळवळणारी वाळवी. तुंबलेल्या मोरीचा वास सुटला. वर ताजा पांढरा रंग.

केदारने ताईला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं. एवढंतेवढं लाकूड सगळीकडेच खराब असतं, कॉस्मेटिक, म्हणजे वरवरचा दोष, एवढंच लिहा, दुसरी ऑफर येतेय, असं तो समजावत होता. लाज वाटते, पण मीही म्हणाले, "ताई, नंतर करून घेऊ ना रिपेअर."

"तुझा मुलगा याच्याखाली सायकल चालवणार आहे," ती म्हणाली, आणि फोनवर टाइप केलं: छपराचा आधार निकामी, खाली कुणीही थांबू नये.

"मग पुढच्या वेळी मला दुसरं कुणी बघावं लागेल, ताई," केदार म्हणाला.

"बघ. त्यालाही टोचून बघायला सांग."

आम्ही त्या घराचा नाद सोडला. आठवड्याभरात केदारने तेच घर दुसऱ्या राज्यातून, मॉरिसव्हिलहून आलेल्या रेणूला विकलं. चढाओढीत ते हातातून जाऊ नये म्हणून तिने तपासणी करायचं सोडूनच दिलं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर वास्तुशांतीचे फोटो आले. तिच्या जुळ्या मुली त्याच खांबाला टेकून हसत होत्या. केदारची किळस आली. त्याहून जास्त माझी, कारण आमच्यासाठी केलेला रिपोर्ट ताईला परस्पर कुणाला देता येत नव्हता, मला येत होता. आणि मंडळात वाईटपणा नको म्हणून मी दोन दिवस गप्प बसले. मग पाठवला.

रेणूने घाबरून ताईला फोन केला. ताई त्याच दुपारी गेली आणि तुळईखाली लोखंडी पाइपचा टेकू लावून आली. गंजलेला, लालसर, ओबडधोबड. आठ दिवसांत कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: या पाइपमुळे रस्त्याची शोभा बिघडते, ताबडतोब काढावा. रेणू रडकुंडीला आली. ताईने तिच्यासाठी उत्तर लिहून दिलं की घराच्या दर्शनी भागात हा पाइप एकटाच काम करतोय, शोभेसाठी काही काढायचंच असेल तर बाकीचे चार काढू. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर घातला. ते पत्र फिरत फिरत इतर एजंटांपर्यंतही गेलं.

पाइप अजून आहे. केदारचा फोन ताईला त्यानंतर आलेला नाही, दुसऱ्यांचेही कमी झालेत. आता ती दोन-दोन तास ड्राइव्ह करून लांबच्या गावांतली जुनी बैठी घरं तपासायला जाते. तिथे खांब नसतात, एवढंच तिला बरं वाटतं.